दहापैकी सहा

"दहापैकी किती?" डॉक्टर मुजावरांनी विचारलं.

मी उजव्या कुशीवर पडले होते, तोंड भिंतीकडे. डॉक्टर माझ्या पाठीमागे स्टुलावर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर माझी निळी फाइल उघडी असणार, हे मला न बघताही कळत होतं.

"सहा," मी म्हटलं.

पेन थांबलं.

"मागच्या बुधवारी पाच म्हणाला होतात."

"हो."

"त्याच्या आधी चार."

"हो ना. वाढतंय परत."

फाइल मिटल्याचा आवाज आला. मग स्पिरिटचा गार कापूस पाठीला लागला, आणि मणक्याच्या कडेनं पहिली सुई गेली. ती चौदावी बैठक होती.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा नुकतीच एकसष्टाची झाले होते. कराडच्या पोस्टात चौतीस वर्षं काउंटरवर बसले. लग्न केलं नाही. आईला सांभाळायचं होतं आणि मग ते राहूनच गेलं. मे महिन्यात निवृत्त झाले, दिवाळीच्या तोंडावर आई गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात मला नागीण झाली. डाव्या बाजूला, काखेच्या खालून पाठीपर्यंत. शेजारच्या काकूंनी गेरू लावणारी एक म्हातारी आणली. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं ती माझ्यासमोरच काकूंना सांगत होती. जुळलं नाही. पुरळ महिन्याभरात वाळून गेलं. दुखणं मात्र गेलं नाही.

ते दुखणं ज्याला झालं त्यालाच कळेल. मार नाही, सूज नाही, बघायला गेलं तर कातडीवर नुसते फिकट डाग. पण पंख्याचा वारा लागला तरी तापलेली तार कातडीच्या आतून ओढल्यासारखं व्हायचं. ब्लाउज घालवत नव्हता. आईची जुनी, धुऊन धुऊन विरलेली पातळं फाडून मी अंगाला गुंडाळायचे. ठाण्याहून दादा आणि वहिनी बघायला आले, तेव्हा वहिनीनं दारातच मला जवळ घेतलं आणि मी किंचाळले. बिचारी घाबरून मागे झाली. त्यानंतर जो येई तो माझ्यापासून हातभर लांब उभा राहून बोलायचा. पुढे पुढे येणारेही थांबले. दादा तेवढा दर रविवारी सकाळी फोन करायचा. "कसं आहे दुखणं?" हे त्याचं पहिलं वाक्य. मग मी सांगायचे. त्याआधी त्याचा फोन सणावाराला यायचा.

गोळ्या चालू होत्या. त्यांनी गुंगी यायची, दुखणं तिथंच असायचं. कुणीतरी डॉक्टर मुजावरांचं नाव सांगितलं. शनिवार पेठेत सायकलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. दोन खाटा, मध्ये पडदा, बाहेर चार खुर्च्या. नसीम मुजावर पन्नाशीच्या, शांत बाई. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तारळेकरबाई, हे दुखणं मी मुळापासून काढून टाकीन असं मी म्हणणार नाही. कमी करता येतं, सांभाळता येतं. तुमच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. दर बुधवारी यायचं, आणि मी विचारीन तो आकडा खरा सांगायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. माझ्याकडे दुखणं मोजायचं दुसरं यंत्र नाही."

"आठ," मी त्या दिवशी म्हटलं होतं.

सुया मला वाटल्या तशा टोचल्या नाहीत. मुंगी चावावी तेवढंच, मग आत एक जडपणा पसरायचा. पाठीला, हाताच्या पंजात, पायाला, एक कानात. पाठीच्या सुयांना चिमटे लावून त्या बारीक करंट सोडायच्या, आणि कातडीखाली काहीतरी टिकटिक करत राहायचं. अर्धा तास तसंच पडायचं. "श्वास मोजा," त्या सांगायच्या, "आत चार, बाहेर सहा." मग सुया काढल्या की हौसाक्का यायची.

हौसाक्का त्यांच्याकडे कामाला होती. साठीची, काळी, हाडकुळी. तिच्याकडे काशाची वाटी आणि तीळतेल. ती पायथ्याशी बसायची, माझा पाय आपल्या मांडीवर घ्यायची आणि वाटीनं तळवा घासायची. पाऊण तास म्हटलं तरी चालेल, तिला घड्याळ माहीत नव्हतं.

"पाय लई गार पडल्यात की वो बाई तुमचं," ती म्हणायची. "घरात चपला घालून फिरत जावा."

"घालते की."

"कशाच्या घालताय! टाचा बघा. कुनी बघनारं न्हाई वाटतं घरात."

घासून घासून वाटी काळी व्हायची. ती म्हणायची ही अंगातली उष्णता. डॉक्टर हसायच्या, पण तिला अडवत नव्हत्या. "झोप लागते ना त्यानं? मग चालू दे," म्हणायच्या.

तिसऱ्या बैठकीनंतर मी नागीण झाल्यापासून पहिल्यांदा सलग पाच तास झोपले. सहाव्या बैठकीला आकडा सहावर आला, आठव्या बैठकीला पाचावर. नवव्या बैठकीला मी चार म्हटलं तेव्हा डॉक्टरांनी बाहेर डोकावून हौसाक्काला हाक मारली. "अक्का, ऐकलंस का? चार!" आणि मला म्हणाल्या, "तीन झाले की आपण बुधवार बंद करू. मग गरज लागली तरच यायचं. तुमची वेळ दुसऱ्या कुणाला देता येईल, बरेच जण थांबलेत."

पुढचे दोन-तीन बुधवार आकडा चारावरच राहिला. मग पाच झाला. मग सहा.

पंधराव्या बैठकीला डॉक्टरांनी सुयांच्या जागा बदलल्या. वाळलेल्या पाल्याची जळती कांडी आणून तिची धग पाठीला दिली. दवाखान्यात होळीसारखा वास भरला. हौसाक्का खोकत खिडक्या उघडायला गेली. शेवटी डॉक्टर माझ्यासमोर, भिंत आणि खाट यांच्या अरुंद जागेत येऊन उभ्या राहिल्या.

"मी पुण्याला एका वेदनातज्ज्ञांशी बोलले," त्या म्हणाल्या. "ते म्हणतात, मणक्याजवळ जिथून ही नस निघते तिथं इंजेक्शन द्यावं लागेल. छोटं ऑपरेशन म्हणा. धोका थोडा असतो, पण तुमचं उलटं वाढतच चाललंय तर आता मलाच हिंमत होत नाही वाट बघायची. पंचवीस तारखेची वेळ घेतलीय. मी येईन बरोबर."

"तुम्ही येणार?"

"तुम्हाला एकटीला कशी पाठवू?"

मी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं असेल, घाबरले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचा बुधवार अठरा तारखेचा. मी पोचले तेव्हा बाहेरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि खिडकीपाशी खाकी साडीतली एक बाई उभी होती. एसटीची कंडक्टर. चाळिशीच्या आतली, मजबूत बांध्याची. खांद्याला चामड्याची बॅग आणि तिकिटाचं मशीन, आणि डाव्या खांद्यावरचा पट्टा तिनं दोन बोटांनी अंगापासून वर उचलून धरला होता. बोलतानाही बोटं खाली आली नाहीत. मला विचारावं लागलं नाही.

"नागीण?" मी म्हटलं.

तिनं चमकून बघितलं. "तुमाला कसं कळलं?"

"मलाही आहे. किती दिवस झाले?"

"सात म्हैनं. नेमका पट्टा जिथं बसतो तिथंच बघा. उजव्या खांद्याला घेतली बॅग तर गर्दीत तिकिटं फाडता येत न्हाईत, सवयच न्हाई हाताला." ती कसंनुसं हसली. "साडेअकराची पाटण गाडी माझी. तवर उरकंल का वो? डायवरच्या बायकोचं गुडघं हितंच बरं झालं, म्हणून आले."

"उरकेल," मी म्हटलं. तेवढ्यात हौसाक्कानं मला आत बोलावलं.

सुया लागल्या. डॉक्टर पडद्याबाहेर गेल्या. त्या पडद्यातून सगळं ऐकू यायचं. तिचं नाव रंजना पिसाळ. कोल्हापूरला दाखवून झालं होतं. गोळ्यांनी झोप यायची, एकदा उभ्या उभ्या डुलकी लागून ती दाराच्या दांड्यावर आपटली होती. साहेब म्हणाले, बॅग उचलत नसेल तर बाई, दुसरं काही बघा. घरात दोन मुली आणि सासू, नवरा नव्हता.

डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "गुडघ्याचं वेगळं असतं. नागिणीच्या दुखण्याचा माझ्याकडे एकच पेशंट आहे. चार महिने होत आले. आधी उतार पडला आणि आता पहिल्यासारखं वाढलं. मी त्यांना पुण्याला पाठवतेय. ज्याचा उपयोग होतो असं मला आता वाटत नाही, ते मी तुमच्यावर करून कसं बघू?"

"एकदा बघा तर, डॉक्टर. लागलं तर लागलं."

"नको. तुमच्या रजा जातील, आशा लागेल, आणि हाती काही यायचं नाही. खोटी आशा मी दाखवत नाही कुणाला."

मग मशीनचा पट्टा बॅगेवर घासल्याचा आवाज आला आणि जिन्यावर तिचे बूट वाजले. सायकलच्या दुकानातला हवा भरायचा पंप खाली चालू झाला.

डॉक्टर आत आल्या, चिमटे नीट बसलेत का ते बघू लागल्या.

"डॉक्टर, दोन," मी भिंतीकडे बघत म्हटलं.

"काय दोन?"

"माझं. दहापैकी दोन आहे. दहाव्या बैठकीपासून दोनच आहे. कधी कधी एक."

त्यांनी मशीन बंद केलं. आणि माझ्या डाव्या बरगडीवर, जिथं वारा सोसत नव्हता तिथं, आपला तळहात सपाट टेकवला. दाबून. मी हलले नाही. हलायचं काही कारणच नव्हतं. त्यांचा हात उबदार होता.

"दुखतंय?"

"नाही."

"दीड महिना..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "का? मला कळू दे तरी. का असं केलंत?"

उत्तर मला माहीत होतं, पण ते शब्दांत कधी मांडलं नव्हतं. मनातल्या मनातसुद्धा नाही. दर बुधवारी 'किती' म्हटलं की तोंडून आकडा निघून जायचा आणि मग पुढचा बुधवार माझा व्हायचा, एवढंच.

"तीन झाले की बुधवार बंद होणार होता," मी म्हटलं.

"मग?"

"मग काही नाही. इथं तुम्ही विचारता. हौसाक्का पाय मांडीवर घेते." माझा आवाज मला परका वाटत होता. "आई गेल्यापासून मला कुणी हात लावलेला नाही, डॉक्टर. आधी लावू देता येत नव्हता. आणि आता लावू देता येतो, तर लावणारं कुणी नाही."

त्यांनी हात काढून घेतला. एक एक करून सुया काढायला लागल्या, पाठीतल्या, पायातल्या, कानातली. प्रत्येक सुई ट्रेमध्ये टाकल्याचा बारीक आवाज.

"मी घरी पुस्तकं काढून बसत होते," त्या मग म्हणाल्या. "आमचे हे विचारायला लागले, परत परीक्षेला बसतेस का. मला वाटलं माझंच चुकतंय. इतकी वर्षं लोकांना सुया लावतेय, त्या सगळ्यांना फसवलं की काय, इथवर आले होते मी. आणि पुढच्या बुधवारी तुम्ही मणक्यात इंजेक्शन घ्यायला निघाला होतात. घेतलं असतंत?"

मी उठून बसले. पदर सावरला. "माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. "तुम्ही बरोबर येणार होतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग होता, आणि राग नसलेलंही काहीतरी होतं, पण रागच जास्त.

हौसाक्का वाटी घेऊन दारात उभी होती. तिला काही कळलं नव्हतं.

"आज नको, अक्का," डॉक्टर म्हणाल्या.

मी चपला घातल्या. जिन्यापर्यंत गेल्यावर मागून डॉक्टर म्हणाल्या, माझ्याशी की स्वतःशी ते कळलं नाही, "त्या बाईचा फोन नंबरसुद्धा घेतला नाही मी."

दवाखान्यातल्या घड्याळात तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मी रिक्षा केली. स्टँडवर पाटण गाडी लागलेली होती, निम्मी भरली होती. चढले आणि पुढच्या बाजूला बसले. गाडी गावाबाहेर पडल्यावर रंजना तिकिटं काढत काढत माझ्यापर्यंत आली. पट्टा तसाच दोन बोटांवर, आणि उरलेल्या बोटांनी मशीन.

"अवो, तुमी?" ती म्हणाली. "कुठं निघाला?"

"मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोला की. पन तिकिट कुठलं देऊ?"

"पाटण द्या."

विहे मागे पडल्यावर तिची तिकिटं संपली आणि ती दारापाशी आपल्या जागेवर बसली. मी उठून तिच्या शेजारी गेले. गाडीचा आवाज इतका होता की हळू बोलून भागत नव्हतं.

"डॉक्टरांनी ज्या पेशंटबद्दल सांगितलं ना, उपयोग झाला नाही म्हणून, ती मी."

"मला वाटलंच."

"झाला उपयोग. आठाचं दोन झालं. मी त्यांना खोटं सांगत होते."

रंजनानं माझ्याकडे वळून बघितलं. "खोटं? म्हंजे बरं वाटत हुतं आन् तुमी दुखतंय म्हणून सांगितलं?"

"हो."

"का पन?"

समोरच्या सीटवरचे एक टोपीवाले आजोबा मान वळवून ऐकत होते. मी त्यांच्यासमोरच सांगितलं. घरी कुणी नाही. दवाखाना बंद झाला असता तर बोलायला, हात लावायला कुणी उरलं नसतं. सकाळी सुया असताना सांगितलं त्याहून हे अवघड गेलं, कारण तिथं मी भिंतीकडे बघत होते आणि इथं ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

तिनं बोटांवरचा पट्टा जरा सारखा केला. मग म्हणाली, "मला बघा, दिवसभर दोनशे मानसं अंगावर पडत्यात. ब्रेक लागला की धाडकन येऊन आदळत्यात ह्या खांद्यावर. देवा, आजचा दिवस कुनी शिवू नको म्हणते मी रोज." तिनं मान हलवली. "आन् तुमी शिवायला कुनी न्हाई म्हणून रडताय."

मी रडत नव्हते. पण तिनं तसं म्हटल्यावर डोळे भरून आले. तिनं ते पाहिलं, आणि मला वाटलं ती माझा हात धरेल. तिनं धरला नाही. मल्हारपेठ आलं होतं, आणि दारात उतरणाऱ्यांची गर्दी झाली होती.

गाडी परत सुटल्यावर तिनं विचारलं, "खरंच दोन? का मला पाठवायचं म्हणून म्हणताय?"

"खरंच दोन. पूर्ण जात नाही. थंडीत जरा वाढतं असं डॉक्टर म्हणतात. पण ब्लाउज घालते मी आता. कुशीवर झोपते."

"किती सुया टोचाव्या लागत्यात?"

"पंधरा-वीस. मुंगीसारख्या."

"सकाळी ड्युटी न्हाई उद्या," ती म्हणाली. "पन मला आज हाकललंय त्यांनी. तुमी फोन करून सांगा. तुमच्या तोंडानं सांगा."

पाटणला उतरल्यावर मी स्टँडवरूनच फोन केला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "दहा वाजता पाठवा," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. तीच गाडी वीस मिनिटांनी परत निघाली. मी खिडकीशी बसले. येताना कोयनेच्या कडेची उसाची शेतं किती वेळ बाजूनं पळत होती. रंजना एकदा येऊन तिकीट देऊन गेली, मग तिला सवड झाली नाही.

रंजना पाच महिने जात होती. तिचं चारावर येऊन थांबलं, त्याच्या खाली गेलं नाही. पण बॅग तिनं उजव्या खांद्याला घ्यायची सवय केली, नोकरी टिकली. पुण्याची माझी वेळ डॉक्टरांनी रद्द केली. डिसेंबरात थंडी पडली तेव्हा माझं दुखणं थोडं वर आलं. मी तीन आठवडे अंगावर काढलं, मग गेले. त्यांनी सुया लावल्या, फाइलमध्ये लिहिलं, पण गप्पा मारल्या नाहीत. आधीसारखं बोलायला त्यांना वर्ष लागलं. हौसाक्कानं मात्र त्याच दिवशी पाय ओढून मांडीवर घेतला आणि टाचांवरून मला बोलली.

पण ते पुढचं झालं. त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी दादाचा फोन आला.

"कसं आहे दुखणं?"

"गेल्यात जमा आहे, दादा. दीड महिना झाला खरं तर."

"अरे वा! सुटलीस म्हणजे. बरं झालं, बरं झालं. हिला सांगतो." तो खरोखर खूश झाला होता. मिनिटभरात फोन संपला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी मी सकाळी नऊपासून फोनजवळच्या खुर्चीत बसले होते. पेपर वाचून झाला, स्वयंपाक केला, परत येऊन बसले. दीड वाजला. मग मीच नंबर फिरवला.

"दादा, मी बोलतेय."

"काय झालं? परत सुरू झालं का?"

"नाही. काही झालं नाही. सहज केला."

"सहज?"

मागून वहिनीचा आवाज आला, "कोण आहे? काय झालं?" दादा फोन बाजूला धरून म्हणाला, "कुमुद आहे. काही झालं नाही म्हणते." मला वाटलं तो 'बरं, ठेवतो' म्हणेल.

"बोल मग," तो म्हणाला.

मला काही सुचेना. चौतीस वर्षं काउंटरवर रोज दोनशे माणसांशी बोलले होते, पण त्यांना प्रत्येकाला काहीतरी काम असायचं. मी टेबलाकडे बघितलं.

"वरणफळं केलीत आज," मी म्हटलं. "एकटीला जास्तच झाली."

"वरणफळं?" तो म्हणाला. "गूळ घातलास का? आई घालायची तेवढा?"

"तिच्याहून जरा कमी."

"मग काय उपयोग," असं म्हणून तो हसला, आणि लहानपणी आपण फळं मोजून वाटून घ्यायचो ते सांगायला लागला. त्याच्या आठवणीत ते शंकराच्या देवळामागच्या घरात होतं, माझ्या आठवणीत दुसऱ्याच. त्यावरून आम्ही थोडे भांडलो. फोन ठेवला तेव्हा वरणफळं पार गार झाली होती. तशीच खाल्ली.

पुढच्या रविवारीही त्याचा फोन आला नाही. मीच केला.